रंग लावा, पण वीतभर सोडा

आपा, लाल पट्टा खाली आला.

दीड हात खाली. धक्क्यावरच्या खांबाचा. जुना पट्टा त्यांनी पत्र्याने खरवडला, नवा मारला, आणि रंग वाळायची वाट न बघता मी त्याला बोट लावलं. बोट अजून लाल आहे आणि त्याच बोटाने हे टाईप करतेय. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, कुठला रंग गो, ऑइलपेंट की साधा, आणि खाली प्रायमर मारला का. मारला होता. मी विचारलं. तुमच्यासाठीच विचारलं.

रडणं-बिडणं माझ्याकडून इतक्यात होणार नाही. बातमी पोटात मावत नाहीये आणि ती जिला सांगायची ती बाई नेमकी गेली. बाकीच्यांना सांगितलं तर म्हणतात, पट्टा खाली आला म्हणजे काय झालं, पाणी खाली आलं का? नाही आलं, काका. पाणी जिथे यायचं तिथेच येणार आहे. फक्त ते घरात शिरायच्या आधी भोंगा वाजणार आहे, शिरल्यावर नाही. एवढंच. या 'एवढंच'साठी नसीमआपा नावाची बाई अख्ख्या पनवेलशी भांडत होती.

तुमचं माहेर कुठलं, सासर कुठलं, मागे कोण कोण, हे पेपरवाल्यांनी छापलंय. एकाने तुम्हाला 'ज्येष्ठ समाजसेविका' केलं. वाचून तुम्हाला हसता हसता खोकला लागला असता. तुम्ही दुकानदार होतात. उरण नाक्याजवळ रंगाचं दुकान, गल्ल्यावर तुम्ही, डोक्यावर ओढणी, आणि ओढणीला कायम कुठल्या तरी डिस्टेंपरचा ठिपका. गिऱ्हाईकाने 'पिस्ता दाखवा' म्हटलं की तुम्ही आधी विचारायचात, भिंत पूर्वेची का पश्चिमेची.

मी पहिल्यांदा आले ती लाल रंग घ्यायला. आठवतंय? कॉलेज संपलेलं, आमच्या मंडळात पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे, आणि पुलाखालच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायचं होतं : पनवेल बुडवणारे कोण? तुम्ही विचारलंत, भिंत कुणाची. म्हटलं, जनतेची. तुम्ही ऑइलपेंटचा डबा परत फळीवर ठेवलात आणि माझ्या हातात गेरूची पुडी दिलीत. "घोषणा बदलते पोरी, भिंत ऱ्हाते. पुसता येईल असं लिही." मी तिथल्या तिथे भांडले. गेरू म्हणजे तुळशीवृंदावनाला लावायचा, क्रांतीला नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि शांतपणे विचारलंत, गेल्या उधाणाला पाणी खाडीकडच्या आळीत कुठवर आलं होतं?

मला माहीत नव्हतं. पाणी कोणामुळे आलं ते तोंडपाठ होतं. भराव कोणी टाकले, खारफुटी कोणी कापली, कोणत्या फायलीवर कोणाची सही, सगळं. कुठवर आलं, ते नाही. मी म्हटलं, कुठवर आलं ते कळून कोणाचं काय भलं होणार आहे? तुम्ही म्हणालात, पीठ कुठल्या फळीवर ठेवायचं ते कळेल. झालं. आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं आणि ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात. हे बरोबर नाही केलंत.

ज्यांना खाडीकडची आळी माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच लिहिते, मग पुन्हा तुमच्याकडे येते. पनवेलच्या कोळीवाड्यातली ही अरुंद आळी. मोठ्या उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला, खाडीचं पाणी धक्क्यावरून येत नाही. धक्का कोरडा असतो. पाणी आळीच्या मागच्या नाल्यातून उलटं चढतं आणि न्हाणीच्या मोरीतून घरात उगवतं. आधी असं नव्हतं. खाडीच्या अंगावर भराव पडत गेले, तिला पसरायला जागा उरली नाही, म्हणून ती आता नाल्यातून वर येते. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांना घरात गुडघ्याएवढं पाणी. ते ओसरलं की भिंतीवर चिखलाची एक सरळ रेघ उरते.

आणि मग येतात गणपती.

गणपतीला कोण चिखलाची भिंत ठेवेल? आळीतलं प्रत्येक घर रंगतं. गुलाबी, पोपटी, लिंबू. पंचनाम्याची माणसं येतात गणपती झाल्यावर, कारण त्यांच्याही घरी गणपती असतात. येतात, चकचकीत भिंती बघतात, काकूंच्या हातचा चहा पितात आणि कागदावर लिहितात : पाणी शिरल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. दरवर्षी. आपल्याच हाताने आपला पुरावा पुसायचा, तोही भक्तिभावाने, उदबत्ती लावून, असे आपण. मला हे कळलं तेव्हा मी संतापाने पत्रकच लिहायला घेतलं. तुम्ही म्हणालात, आधी गुन्हेगार बघ तरी. या आळीला रंग कोण विकतं? मीच विकते.

त्या वर्षापासून तुम्ही प्रत्येक डब्याबरोबर एक वाक्य द्यायला लागलात. रंग लावा, पण वीतभर सोडा. पाण्याची रेघ आहे तिथून खाली एक वीत भिंत कोरी. लोकांना वाटलं, म्हातारीला काहीतरी झालंय, रंग विकणारी बाई कमी रंग लावा म्हणते. आळीतल्या जनाकाकूने तर तोंडावर विचारलं होतं. तुम्ही गल्ल्यामागून बाहेर आलात, दुकानाच्या शटरवर स्वतःच्या हाताची वीत पसरून दाखवलीत, आणि म्हणालात, "बाप्पा पाच दिवसांनी जातो जना. पाणी पुढच्या वर्षी परत येतं. दोघांचंही घर हाय, दोघांचीही जागा ठेव." जनाकाकूने सोडली. ती सोडते म्हणून शेजारणीने सोडली. मग अर्ध्या आळीने. खाडीकडच्या आळीत गणपतीला गेलेल्या पाहुण्यांना दिसायचं, मखराच्या मागे झगझगीत गुलाबी भिंत आणि तिच्यावर, गुडघ्याच्या उंचीवर, एक मळकट पट्टा आडवा धावतोय.

मी तेव्हा तुमच्यावर खूष होते आणि वैतागलेलीही. माझं म्हणणं होतं, कोरी वीत कसली, तिथे लाल अक्षरात लिहा कोणी बुडवलं ते. तुमचं म्हणणं, आधी पाण्याला बोलू दे. मी म्हणायचे, पाणी बोललं तरी ऐकणारा पैसे खाऊन बहिरा झालाय. तुम्ही म्हणायचात, चिरनेरची ना तू दर्शना, म्हणून डोकं एवढं तापतं. हो, चिरनेरची. आमच्या गावाने जंगलासाठी गोळ्या झेलल्यात, डोकं तापणारच. यावर तुम्ही चहा मागवायचात.

तो भूकंपाचा दिवस आठवतो? कुणीतरी फोनवर मेसेज सोडला, संध्याकाळी मोठा भूकंप, मग समुद्राची लाट, पनवेल रिकामं करा. आळीतल्या बाया पोरांना घेऊन मैदानात जाऊन बसल्या. कुणी मिक्सर घेऊन बसलं होतं. मी धावत दुकानात आले. मला वाटलं, हीच वेळ. लोक जागे झालेत, आत्ताच पत्रक काढू, आत्ताच मोर्चा. तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात असं फार थोड्या वेळा झालं, त्यातली ती एक. भीतीवर भाकरी भाजायची नाही, म्हणालात. मग ओढणी सारखी करून मैदानात गेलात, मिक्सरवाल्या बाईच्या शेजारी चटईवर बसलात, आणि सांगितलंत की भूकंप कुणाला मेसेज करून येत नाही, जगात कुठलाच शहाणा त्याची वेळ सांगू शकत नाही. भरती मात्र सांगून येते. पंचांगात असते, फोनवर असते. जी सांगून येते तिच्यासाठी तुम्ही कधी मिक्सर उचलून ठेवलात काय, असं विचारलंत. बाया हसल्या आणि घरी गेल्या. मी मात्र फणफणत होते. आपा, मी अजूनही म्हणते, मोर्चा त्या दिवशी निघाला असता.

आणि मोर्चा नंतर निघालाच. तेही तुम्ही मान्य करा. खांब कोणी आणला? पत्रकांनी आणला. धरण्यांनी आणला. तुम्हीच म्हणालात, "पोरी, रेघ माझी, पण खांब तुझा." उन्हाळ्यात धक्क्यावर तो उभा राहिला. वर डबा, डब्यावर सौरपत्रा, अंगावर आकडे. डबा दिवसरात्र पाण्याची उंची लिहितो आणि पाणी लाल पट्ट्याला लागलं की भोंगा वाजतो, फोनवर इशारा जातो. मी पेढे वाटत होते. तुम्ही चष्मा लावून पट्टा बघत होतात. मग म्हणालात, हा धक्क्याच्या माथ्याला का लावला?

कारण कुठल्या तरी जुन्या नकाशावर तसं होतं! धक्का बुडाला की पूर. आणि आळी तर धक्का कोरडा असतानाच बुडते. म्हणजे भोंगा वाजेल तेव्हा जनाकाकूचं पीठ आधीच लापशी झालेलं असणार. मी खांब उभारणाऱ्या कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटले. तुम्ही माझ्या मागून आत आलात आणि मोजणीच्या साहेबांना विचारलंत, पट्टा खाली आणायला तुम्हाला काय लागेल? तरुण होता, चांगला होता. त्याने सांगितलं. एकाच उधाणाच्या दोन उंची. खांबावर पाणी किती होतं ते डबा सांगेल. त्याच वेळी आळीत किती होतं ते सांगणारं काही आहे का?

भिंत, तुम्ही म्हणालात.

त्याने कबूल केलं. नारळी पौर्णिमेचं उधाण बघू, मग गणपती झाले की येतो, तुमच्या भिंती मोजतो, रेघा जुळल्या तर पट्टा खाली. नाही मिळाल्या तर पुढच्या पावसाळ्यानंतर. सगळं टांगलं होतं एका उधाणाच्या रेघेवर, आणि ती रेघ गणपतीच्या रंगातून वाचायला हवी होती.

नारळी पौर्णिमेला आपण भांडलो. शेवटचं भांडण म्हणून लिहीत नाही, नेहमीचं होतं. मी पत्रकाचा मजकूर आणला होता, पहिली ओळ 'खाडीकडची आळी बुडणार'. तुम्ही 'बुडणार'वर बोट ठेवलंत. हे ऐकून माणसं दोनच गोष्टी करतात म्हणालात, हसतात नाहीतर घर विकायला काढतात. तिसरं काय करायचं ते सांग. मी म्हटलं, तिसरं म्हणजे चिडायचं. तुम्हाला दम लागत होता. दोन वाक्यांच्या मध्ये थांबत होतात आणि मला वाटत होतं, मला पटवण्यासाठी शब्द शोधताय. मी पत्रक घेऊन निघाले, दुसऱ्या दिवशी निवेदन द्यायला अलिबागला गेले, मग गावी. तिथेच फोन आला.

मय्यत उचलली तेव्हा रस्त्यावर कोळीवाड्यातल्या बाया उभ्या होत्या. इम्रान, तुमचा मुलगा, मस्कतहून धावत आला होता, खिशात विमानाचं तिकीट तसंच. त्याने दुकानाचं शटर ओढलं. गणपतीच्या तोंडावर, ऐन हंगामात, उरण नाक्यावरचं रंगाचं दुकान बंद. मला रडू आलं नाही. मला एकच दिसत होतं : लोक रंग दुसरीकडून आणणार, आणि तिथे वीतभर सोडा म्हणणारं कोणी नाही.

मी पत्रक काढलं. जळजळीत काढलं. 'रंग लावाल तर पुरावा पुसाल.' आळीत घरोघरी टाकलं, दारं वाजवायला थांबले नाही, पुढच्या वस्त्यांतही जायचं होतं. चतुर्थीला गेले आणि आळीच्या तोंडाशीच थांबले. सगळी आळी नव्या रंगात चकचकीत. एका भिंतीवर वीत सोडलेली नाही. जनाकाकूच्या पडवीची भिंत तर अशी गुळगुळीत गुलाबी की तोंड दिसावं. मी आत पाऊल टाकलं नाही. तुमच्या बंद दुकानाच्या पायरीवर येऊन बसले आणि तुम्हाला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. ही तुमची माणसं. यांच्या पिठासाठी तुम्ही दम तोडलात, आणि तुमची माती वाळायच्या आत यांनी एक डबा रंगात तुम्हाला पुसलं. पाण्याला बोलू दे म्हणे. घ्या आता.

साहेबांनी मोजणीचा दिवस दिला तो अनंत चतुर्दशीनंतरचा. गणपती संपले, असं त्या बाहेरगावच्या बिचाऱ्याला वाटलं. आमच्या आगरी-कोळी घरांत पितृपक्षात साखरचौथीचा गणपती येतो हे त्याला कोण सांगणार. नेमका तोच दिवस. तो तिपाई आणि मोजणीची दुर्बीण घेऊन आला तेव्हा जनाकाकूच्या घरात आरती चालू होती, पडवीत चपलांचा ढीग, आणि मी त्याच्याबरोबर अशी चालत होते की जणू मलाच कुणीतरी पकडून आणलंय. त्याने गुलाबी भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाला, मॅडम, खुणा?

माझं तोंड सुटलं. आळीत उभी राहून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आपाच्या जिवावर उठलात, म्हटलं. एक वीत. एक वीत भिंत नाही ठेवता आली तुम्हाला.

जनाकाकू आतून आली. हातात मोदकाचं ताट, कपाळावर मळवट. आधी साहेबाला मोदक दिला. मला दिला नाही.

"झाला बोलून?" ती म्हणाली. "चतुर्थीपासून तोंड दाखवलं नाय. पत्रक फेकलंस नि गेलीस. इचारलंस कुणाला? आता वाईच बाजूला हो."

आणि तिने ताट माझ्याच हातात दिलं, भिंतीशी वाकली, कोपऱ्यात नखाने काहीतरी खरवडलं, आणि ओढलं. आपा! गुलाबी रंगाचा एक लांबच्या लांब पट्टा भिंतीवरून सोलून निघाला. खिडकीच्या काचा रंगू नयेत म्हणून रंगारी लावतात तो कागदी टेप. एकाखाली एक लावलेला, वीतभर रुंद. त्याच्याखाली जुनी भिंत, चिखलाच्या डागासकट, वरची कड सुतासारखी सरळ. पाण्याची रेघ.

शेजारणीने आपल्या भिंतीचा ओढला. तिच्या पलीकडच्या घराने ओढला. पोपटी, लिंबू, पुन्हा गुलाबी. आरतीला आलेली पाहुणेमंडळी चपला घालून बाहेर येऊन बघत होती. टेप निघताना जो आवाज येतो ना, फर्रर्र, तो सबंध आळीभर चालला होता, आणि मी मोदकाचं ताट धरून मधोमध उभी. साहेब तोंडातला मोदक गिळायचा विसरला.

काकूने सांगितलं ते असं. तुम्ही उधाणाच्या दुसऱ्या दिवशी आळीत आला होतात. मी अलिबागला होते तेव्हा. रिक्षातून उतरलात, बरोबर टेपच्या गुंडाळ्यांची पिशवी. दम लागत होता म्हणून काकूने प्लॅस्टिकची खुर्ची दिली, आणि ती खुर्ची बाया एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत नेत होत्या, तुम्ही बसून दाखवत होतात. वरची कड रेघेवर. खाली माझी एक वीत. सुनांची तक्रार होती ना, पाहुणे विचारतात भिंत अशी मळकी का? तर घ्या, टेपवरून खुशाल रंग मारा, सण होईपर्यंत भिंत छान दिसूदे, मग ओढा. काकूच्या शब्दांत, "पावण्यांना दाखवायला भिंत, सायबाला दाखवायला रेघ."

मला का नाही सांगितलंत? काकूलाही विचारलं मी. ती म्हणाली, आपा बोलली, दर्शनाला मीच सांगेन, ती रागावलीय आत्ता. ही एक गोष्ट आपल्यात सांगायची राहिली. बाकी भांडणं आहेत तशी असू देत, ही एक मला तुमच्या तोंडून ऐकायची होती. दुकानात बसून, दोन वाक्यांच्या मध्ये थांबत, जसं तुम्ही सांगितलं असतंत तसं.

त्या दिवशी दुर्बीण आळीतून धक्क्यापर्यंत गेली. साहेब आकडे घेत होता, बाया त्याची उंच पट्टी धरायला भांडत होत्या. रेघा जुळल्या. घराघराच्या रेघा एका पातळीत. डब्यातल्या नारळी पौर्णिमेच्या आकड्याशी ताडून त्याने सांगितलं, पट्टा फारच वर आहे. मी म्हटलं, हे आम्ही उन्हाळ्यापासून ओरडतोय. तो म्हणाला, ओरडण्याची लेव्हल घेता येत नाही मॅडम. तुम्ही हसला असतात. मला हसू आलं नाही, आता येतंय.

सर्वपित्रीच्या आधी पट्टा खाली आला, आणि सर्वपित्रीलाच मोठं उधाण. आदल्या दिवशी आळीच्या ग्रुपवर इशारा लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'बुडणार' असं टाईप केलं. मग पुसलं. मग लिहिलं :

'उद्या दुपारी उधाण. भोंगा वाजला की आळीत पाणी यायला भात शिजण्याएवढा वेळ आहे. पाणी उंबऱ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली येईल. पीठ, तांदूळ, शेगडी वर ठेवा. फ्रिजचं बटण बंद करा.'

हा पहिला परिच्छेद तुमचा. एक शब्दही माझा नाही. मग एक ओळ सोडून दुसरा :

'हे पाणी आपल्या नशिबाने येत नाही. खाडीची जागा खाल्ली म्हणून येतं. कोणी खाल्ली ते आपण विचारत राहणार.'

हा माझा. हा तुम्ही काढायला लावला असतात. मी काढलेला नाही. दोन्ही पाठवले. भांडण जिथे होतं तिथेच ठेवलंय, फक्त आता एका मेसेजमध्ये राहतात दोघं.

सर्वपित्रीला जनाकाकूने पितरांची पानं वाढली, कोळंबी, भरड्याचे वडे, खीर. एक पान जास्त होतं. मी विचारलं कुणाचं. तुझ्या आपाचं, म्हणाली, तिचाबी चाळिसावा आलाय ना. आमच्या म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसंल, सगळी तिच्या दुकानातनं रंग घेणारीच हायेत. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

आपा, आळी कोरडी होती. नाल्यात पाणी चढत होतं, पण आळी कोरडी होती! काकूने पानं एकावर एक उचलली, मी पिठाचा डबा, शेजारचे दोघे येऊन फ्रिज टेबलावर. कुणी धावलं नाही. कुणी मैदानात गेलं नाही. मोरीतून पाणी बुडबुडत वर आलं तेव्हा आम्ही सगळे पडवीच्या कठड्यावर पाय वर घेऊन बसलो होतो आणि ते कुठवर येतं ते बघत होतो. उंबऱ्याच्या वर. गुडघ्याच्या खाली. काकूचं पीठ फळीवर, कोरडं. बोट घालून बघितलं मी, त्याच लाल बोटाने. तिने हातावर फटका मारला.

पाणी ओसरून भिंत वाळल्यावर तिने मला टेप आणायला पिटाळलं. दिवाळीचा रंग येतोच आहे. दुकान उघडं होतं. इम्रान गल्ल्यावर बसला होता, तुमच्या उशीला पाठ टेकून, कुठली गुंडाळी कुठे आहे ते शोधत. मी कागदी टेप मागितला. त्याने काढून दिला आणि म्हणाला, अम्मी विचारायची ना, भिंत पूर्वेची का पश्चिमेची? मी म्हटलं, खाडीची.

परत आले, नव्या रेघेशी बसले, हात पसरला. माझी वीत तुमच्यापेक्षा लहान आहे, आपा. जुन्या कोऱ्या पट्ट्याला पुरत नव्हती, खाली बोटभर भिंत उरत होती. मी बोटं आणखी ताणली. काकूने वाकून बघितलं.

"रेघ वरच्या अंगाला असते गो," ती म्हणाली. "ती नीट धर. खालचं काय, जमंल तेवढं."

मी वरची कड धरली, आणि तिने टेप भिंतीभर ओढत नेला.